तंगूस, सोनारकाटा आणि अण्णांचे पाय

१४ एप्रिल

ही वही सुरू झाली ती एका चपलेमुळे. परवा संध्याकाळी अण्णांना घेऊन हर्णे बंदरावर गेले होते. अण्णा म्हणजे माझे सासरे. वय ७१, एसटीत ड्रायव्हर होते, मधुमेह १८ वर्षांचा. लिलाव बघून, सुरमई घेऊन वाळूतून रस्त्यापर्यंत चालत आलो. रिक्षात बसताना माझं लक्ष गेलं, तर डाव्या पायात चप्पल नाही.

"अण्णा, चप्पल कुठंय?"

त्यांनी खाली वाकून पाहिलं तेव्हा त्यांना कळलं. मागे फिरले, तर पन्नास-साठ पावलांवर चप्पल वाळूत उलटी पडलेली. एवढं अंतर एक पाय चपलेत, एक उघडा, आणि त्यांना दोन्ही सारखेच.

आज डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी प्लास्टिकच्या दांडीला लावलेला एक जाडसर धागा काढला, अण्णांना डोळे मिटायला सांगितले आणि तळव्याला ठिकठिकाणी तो धागा वाकेपर्यंत टेकवत गेले. "लागलं की हो म्हणा." उजव्या पायाचे दोनतीन 'हो' आले. डावा जवळजवळ गप्प. धागा वाकला की कातडीवर १० ग्रॅमचा भार पडतो म्हणे, आणि तेवढाही कळला नाही तर पायाखालचा खडा किंवा चटका वेळेवर कळेल याची खात्री नाही.

मी त्या धाग्याकडे बघत होते. हा तर तंगूस! आमच्याकडे मासे गरवायला पोरंसोरं वापरतात तो नायलॉनचा धागा. घरी दर महिन्याला तपासता येईल असं एक साधन करायचं, आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली की नववीच्या मुलांनाही त्यावर कामाला लावायचं, असं ठरवलं.

१६ एप्रिल

सकाळची शाळा. दुपारी वाचन.

धागा उभा धरून दाबला की तो आधी सरळ राहतो आणि मग एका क्षणी कमानीसारखा वाकतो. त्यानंतर कितीही दाबा, जोर फारसा वाढत नाही. त्यामुळे तपासणाऱ्याचा हात जड असो की हलका, कातडीवरचा भार जवळपास तोच राहतो. माक्स फॉन फ्राय यांनी १८९६ मध्ये हीच युक्ती वापरली होती. काडीच्या टोकाला घोड्याचे आणि माणसांचे केस चिकटवून ते कातडीवर टेकवत स्पर्शाच्या जागा शोधत होते. नायलॉन पुढं आलं.

धाग्याचा भार दोन गोष्टींवर फार अवलंबून असतो. जाडी वाढली तर भार तिच्या चौथ्या घाताच्या पटीत वाढतो, लांबी वाढली तर वर्गाच्या पटीत घटतो. म्हणजे जाडीत दोन शतांश मिलिमीटरची चूकही महागात पडणार. स्तंभ कधी वाकतो याचं हे ऑयलरचं सूत्र अठराव्या शतकातलं आहे. इमारतीच्या खांबाला लागतं तेच इथं.

१९ एप्रिल

बंदरावरच्या दुकानात गेले. "पॉइंट पंचेचाळीसचा तंगूस द्या."

"बाई, सुट्टीत गरवायला जाणार काय? मासा कुठला, ते सांगा म्हणजे तसा देतो."

"अण्णांचा अंगठा," म्हटलं. त्याला विनोद कळला नाही, आणि समजावून सांगायला वेळ नव्हता.

शाळेच्या प्रयोगशाळेतला स्क्रू गेज घरी आणला (रजिस्टरमध्ये नोंद करून, नाहीतर शिपाईकाका रागावतात). रिळावर छापलंय ०.४५ मिमी. पाच ठिकाणी मोजलं, पाचही वेळा ०.४७. चौथा घात काढला तर भार १९ टक्क्यांनी जास्त येणार. मासा गरवणाऱ्याला त्याचं काय सोयरसुतक! उलट धागा जाड निघाला तर तो खूशच होईल.

२१ एप्रिल

आजचा पूर्ण रविवार यातच गेला.

रिळावरून काढलेला तंगूस वेटोळाच राहतो, आणि वाकडा धागा आधीच वाकलेला असल्यामुळं कमी भारातच झुकतो. हातभर लांबीचे तुकडे केले, खाली कुलपं अडकवून न्हाणीघरातल्या दांडीला टांगले आणि वरून उकळतं पाणी सोडलं. तासाभरात सरळ झाले. आइस्क्रीमच्या काडीला कानशीनं खाच पाडली, धागा काटकोनात बसवला, एम-सील लावलं.

ओळखीच्या सोनाराकडून पॉइंट झिरो वन ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा आठवडाभरासाठी मागून आणला आहे. काट्यावर धागा उभा टेकवायचा, वाकला की आकडा वाचायचा. धागा ३८ मिमी बाहेर ठेवला तर: ११.८, ११.६, १२.०, ११.७, ११.९. सरासरी ११.८. १० ग्रॅमवर १९ टक्के जास्त, गणिताला अगदी धरून. मग लांबी ४१ मिमी केली: १०.२, १०.०, १०.१, १०.३, ९.९. सरासरी १०.१. खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांना सांगून आले. कोणाला फारसं कौतुक वाटलं नाही.

दोन गोष्टी लिहून ठेवते. पहिली, धागा झटक्यात टेकवला तर वाकण्याआधी आकडा बाराच्या वर उडी मारतो. त्यामुळे सावकाश टेकवायचा, वाकवायचा, उचलायचा, सगळं मिळून दीड सेकंद. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ब्लेडनं कापलेलं टोक तिरकं होतं आणि त्याची धार राहते. स्वतःच्या करंगळीवर टेकवून बघितलं तर ते 'लागत' नव्हतं, 'टोचत' होतं. भार तोच, बातमी वेगळी. लागणं सांगतात मर्केलच्या चकत्या आणि माइसनरच्या कुप्या, म्हणजे कातडीतले स्पर्श टिपणारे ग्राही. या ग्राहींकडून निघणारे चेतातंतू जाड आवरणाचे असतात. टोचणं मात्र सांगतात उघडी चेताग्रं. त्यांना कुपी नाही, आवरण नाही, कातडीच्या वरच्या थरात नुसत्या फांद्या पसरलेल्या. मला पहिल्यांची परीक्षा घ्यायची होती आणि माझा धागा दुसऱ्यांना उठवत होता. टोक पॉलिश पेपरवर घासून सपाट केलं. आता लागतो, टोचत नाही.

२ मे

प्रकल्पाशी संबंध नव्हता, पण लागला. सकाळी अंगणात पाटा सरकवताना अंगठ्याला सणसणीत ठेच लागली. 'आई गं' म्हणायच्या आत कळ आली होती. मग एक रिकामा क्षण गेला. आणि त्यानंतर तो ठणका सुरू झाला, जो हे लिहिपर्यंत चालू आहे.

बसल्या बसल्या हिशेब केला. अंगठ्यापासून कण्यापर्यंत माझं अंतर साधारण एक मीटर. कळ आणणारे तंतू पातळ आवरणाचे, त्यांचा वेग सेकंदाला ५ ते ३० मीटर. निरोप वीसाच्या वेगानं निघाला तर सेकंदाच्या विसाव्या भागात पोचला. ठणका आणणारे बारीक तंतू, विनाआवरणाचे, सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे काही तर माणसाच्या चालीपेक्षाही हळू. त्यांचा निरोप यायला सेकंदभर. तो मधला रिकामा क्षण म्हणजे एकाच बातमीच्या एसटी आणि टपाल या दोन वाटांमधला फरक. पुस्तकात हे वीस वर्षं शिकवतेय, अंगठ्यानं आज शिकवलं.

मराठीला हे आधीपासून ठाऊक असावं. कळ 'येते', चमक 'निघते', आणि ठणका 'लागतो', ठुसठुस 'चालू राहते'. यादी करायला बसले, तर चुरचुरणे, हुळहुळणे, काचणे, रुतणे, खुपणे, सलणे, झिणझिण्या, मुंग्या... सासूबाईंनी भाजी निवडता निवडता आणखी सात सांगितले. काचणे हा दाबाचा शब्द, हुळहुळणे हा दुखावलेल्या कातडीचा. मुलांना हा तक्ता करायला देणार.

६ मे

मुंबईहून दीर-जाऊ आणि मुलं आली आहेत. घरात एकूण सहा पोरं. मे महिन्यात कोकणात एवढे फुकट प्रयोगशील विद्यार्थी कुठल्या विद्यापीठाला मिळणार नाहीत.

डिव्हायडरची टोकं टोचतात, म्हणून केसांची पिन वाकवून दोन बोथट टोकं केली. डोळे मिटून सांगायचं, एक की दोन. बोटाच्या पेरावर टोकं तीन मिमीवर आली तरी सगळे 'दोन' म्हणाले. पाठीवर मात्र तीन सेंटिमीटर अंतर असूनही छातीठोकपणे 'एक'! धाकट्याला पटेचना, त्याला वाटलं काकू एकच टोक लावते आणि फसवते. मग त्यानं स्वतः माझ्या पाठीवर करून बघितलं, चार सेंटिमीटरला मी अडखळले. एर्न्स्ट वेबर यांनी एकोणिसाव्या शतकात लाइपझिगला कंपासनं नेमकं हेच मोजलं होतं. पेराच्या कातडीत ग्राही दाटीवाटीनं असतात आणि एकेकाचा मुलूख चिमूटभर, पाठीवर विरळ आणि एकेकाकडे जणू अख्खा तालुका. मेंदूतही बोटांना मिळालेली जागा पाठीपेक्षा कितीतरी मोठी आहे.

९ मे

अण्णांची पहिली घरगुती तपासणी. दर पायावर चार जागा: अंगठ्याचं पेर, आणि पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या बोटाखालचा चवडा. घट्टा असलेली जागा सोडून.

आठपैकी सात! उजवा चारही, डावा तीन.

अण्णा खूश. "डॉक्टरांचा धागा जुना झाला असेल सूनबाई." माझा मात्र जीव थाऱ्यावर नाही. तीन आठवड्यांत चेतातंतू असे परत येत नाहीत.

१० मे

धागा काट्यावर परत तपासला. १०.०, १०.१, १०.१. धाग्याचा दोष नाही. टोक भिंगाखाली पाहिलं, सपाट आहे. मुलांवर केलं तर सगळ्यांना कळतं, पण त्यानं काहीच सिद्ध होत नाही. त्यांना दोन ग्रॅमही कळेल.

११ मे

पुतणी बाजूला बसून आंबा खात बघत होती. तिसऱ्या जागेनंतर म्हणाली, "काकू, तू हात पुढे नेलास की बांगड्या वाजतात. आजोबा त्याच्यावर हो म्हणतात."

बांगड्या काढून ठेवल्या. मधूनमधून हात नुसताच पायाजवळ न्यायचा आणि टेकवायचाच नाही, असंही ठरवलं. अंतराची लय मोडायची, कधी दोन सेकंद, कधी दहा. परत सगळं पहिल्यापासून.

आठपैकी तीन. उजवे दोन, डावा एक. न टेकवता चार वेळा थांबले, त्यातल्या दोनदा 'हो' आलं.

अण्णा लबाडी करत नव्हते, हे इथं स्पष्ट लिहून ठेवते. त्यांना खरंच वाटत होतं की पायाला कळतंय. कानानं ऐकलेलं, अंदाजानं जुळवलेलं आणि पायानं सांगितलेलं यांतली शिवण त्यांना दिसत नव्हती. बंदरावर चप्पल पडली तेव्हाही तसंच झालं असणार. पाय काही 'मी गेलो' असं सांगून गेला नाही. चालताना डोळे वाट बघत होते, कान शेजारच्याचं बोलणं ऐकत होते, गुडघे आणि घोटे आपलं काम करत होते, एवढ्यावर भागत होतं. एरवी चांगल्या पायालाही चप्पल घातल्यावर मिनिटाभरानं चपलेचा विसर पडतो. माइसनरच्या कुप्या बदल झाला की बोलतात, बदल थांबला की गप्प होतात. पण चप्पल निसटली हा बदल आहे, तेव्हा त्या ओरडतात. अण्णांच्या पायात ओरडायला कोणी उरलं नव्हतं.

आकडे त्यांना सांगितले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बांगड्या आधी काढायच्या होत्यास."

१३ मे

कंपनासाठी ट्यूनिंग फोर्क. डॉक्टर १२८ हर्ट्झचा वापरतात, शाळेच्या संचातला सगळ्यात खालचा २५६. तोच घेतला. कंपन ओळखणारी पचीनीची कुपी २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास सर्वांत जागरूक असते, त्यामुळे प्रयोगाला तो चालेल. डॉक्टरांच्या आकड्यांशी तुलना मात्र करायची नाही. ही कुपी ग्राहींमधली आडदांड. मिलिमीटरभर लांब, नुसत्या डोळ्यांनी दिसते, आणि आडवी कापली तर कांद्यासारखे पापुद्रे. फिलिप्पो पचीनी हे इटलीत वैद्यकाचे विद्यार्थी असताना हाताची चिरफाड करताना त्यांना ती दिसली. पापुद्र्यांचं काम गाळणीचं. दाब सावकाश आला तर पापुद्रे सरकून तो जिरवून टाकतात, आतल्या चेताग्राला कळूच देत नाहीत. वेगानं थरथरलं तरच आत पोचतं.

फोर्क रबरावर आपटून दांडा अंगठ्याच्या हाडावर टेकवला.

"काय वाटतं?"

"थंड लोखंड टेकलंय."

"गुणगुणतंय का?"

"नाही."

घोट्यावर: "असेल... नक्की नाही." गुडघ्याखाली नडगीवर टेकवला तर एकदम मान वर करून म्हणाले, "आता! आता इंजिन चालू झालं."

मग स्वतःहून सांगू लागले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दापोली–मुंबई रातराणी चालवायचे तेव्हा घाटात इंजिनाचं दुखणं कानाआधी तळव्याला कळायचं. क्लचवर पाय ठेवला की प्लेट घासतेय का, चढणीला गाडी ओढतेय की नुसती ओरडतेय, सगळं पायात यायचं. "कंडक्टर झोपलेला असायचा, पॅसेंजर झोपलेले. गाडी आणि माझा पाय, दोघंच जागे." शेवटच्या दोनतीन वर्षांत गाड्या खराब आल्या, असं ते आजवर सांगत आलेत. गाड्यांच्या अंगात जीव राहिला नव्हता म्हणे. रिटायर झाले ५८ व्या वर्षी. मधुमेह कळला त्यानंतर नाही, त्याआधी पाच वर्षं.

मी यावर काही बोलले नाही. फोर्क पेटीत ठेवला.

१५ मे

पायच आधी का, हे सासूबाईंनी विचारलं. त्यांना असं सांगितलं: स्पर्श आणणाऱ्या चेतापेशीचं घर कण्याला लागून आहे, आणि तिचा एकच तंतू तिथून थेट अंगठ्यापर्यंत जातो. पेशी केसाहून बारीक आणि मीटरभर लांब. टोकाला लागणारं सगळं सामान घरून पाठवायचं. साखरेनं तंतूचा कारभार बिघडतो, त्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही खराब होतात, तेव्हा पहिला फटका सगळ्यात लांबच्या टोकाला. आपल्या वाडीच्या नळाचं शेवटचं घर जसं एप्रिलमध्ये आधी कोरडं पडतं. त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे बोटांवरून वर चढत येतं." हो, मोजा घालावा तसं. आणि ते गुडघ्यापर्यंत आलं की हाताच्या बोटांची पाळी, हातमोज्यासारखं.

मग त्यांनी खरा प्रश्न टाकला. "पाय बधिर, तर रात्री तळव्यांची आग आग होते ती कशी?" गेली कित्येक वर्षं त्या रात्री अण्णांच्या तळव्यांना तूप लावून काशाची वाटी घासतात. वाटी काळी झाली की उष्णता निघाली, असं आमच्या घरचं शास्त्र. (तुपाची आम्लं आणि काशातलं तांबं यांचा तो रंग. कोणाचेही तळवे घासा, काळी होतेच.) बधिरपणा आणि आग, एकाच पायाच्या दोन उलट्या तक्रारी. म्हणून दोन्हींवर कोणाचा विश्वास बसत नव्हता, माझासुद्धा. पण स्पर्शाचे जाड तंतू वेगळे, आग सांगणारे बारीक तंतू वेगळे. बारीक तंतू खराब होताना काही वेळा स्वतःच निरोप सोडू लागतात, बाहेर विस्तव नसताना. दार वाजवायला कोणी नाही आणि घंटा वाजतेय.

वाटी चालू ठेवायला हरकत नाही, बरं वाटतं त्यांना. गरम पाण्याची पिशवी मात्र आजपासून बंद. पाणी किती कढत आहे ते अण्णांचा पाय सांगू शकत नाही, म्हणून अंघोळीचं पाणीही आधी सासूबाईंनी कोपरानं बघायचं.

२२ जून

पाऊस सुरू होऊन दोन आठवडे झाले. १ जूनपासून मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या. सोनाराकडून काटा परत आणला, कारण महिन्याची तपासणी.

धागा क्र. १: ८.४, ८.६, ८.३.

मापलं, लांबी ४१ आहे. जाडी तीच. अण्णांवर न वापरता ठेवलेला धागा क्र. २: ८.५. म्हणजे वापरून थकला असंही नाही. उत्तर बंदरावर मिळालं. जाळी शिवत बसलेल्या एका काकांना सहज विचारलं, तंगूस पावसात मऊ पडतो का? "पाण्यात टाकलेला तंगूस नि सुका तंगूस एक असतो काय, बाई? ओला झाला की लोळतो." नायलॉन हवेतली ओल शोषतं आणि त्याचा ताठपणा उतरतो. कोरड्या प्रयोगशाळेत बसून कोणी लिहिलेली लांबी कोकणातल्या आषाढात चालणार नाही.

उपाय: झाकणाच्या बरणीत भाजलेले तांदूळ घालून त्यात धागे ठेवले. दोन दिवसांनी ९.६. तेवढ्यानं भागत नाही. आता नियम असा की तपासणीच्या दिवशी आधी काटा, मग पाय. पावसाळ्यासाठी ४० मिमीचा धागा क्र. ४ वेगळा केला: बरणीतून काढल्या काढल्या १०.०.

६ जुलै

नववी 'ब'. मनगटाच्या आतल्या बाजूला पेनानं दोन सेंटिमीटरचा चौकोन, त्यात मिलिमीटरच्या कागदासारखी उभी-आडवी घरं. विणायची स्टीलची सुई बर्फात बुडवून, पुसून, एकेका घरावर. गार लागलं तर निळा ठिपका. नंतर सुई कोमट पाण्यात बुडवून लाल. पोरांची अपेक्षा होती की सगळीकडे गार लागणार, कारण बर्फ तो बर्फ. पण निळे ठिपके मधूनमधून आले, आणि लाल तर मोजकेच. माग्नुस ब्लिक्स यांनी १८८२ च्या सुमारास स्वीडनमध्ये हेच दाखवलं होतं की गार आणि ऊन सांगणाऱ्या जागा वेगळ्या, ठिपक्यांसारख्या विखुरलेल्या, आणि गारव्याच्या जागा जास्त. एका मुलीनं दोन दिवसांनी परत करून बघितलं, बरेचसे ठिपके तिथंच आले. तिला पुढच्या वर्षी प्रयोगशाळेची किल्ली द्यायला हरकत नाही.

मग पेपरमिंटचं फूल, म्हणजे मेंथॉल, चिमूटभर, खोबरेल तेलात. मनगटाला लावलं की गार. थर्मामीटर लावला, कातडी गार झालेली नाही. मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या प्रथिनाचंच दार उघडतं. मिरचीचंही असंच, तिच्यातलं कॅप्सेसिन सुमारे ४३ अंशांच्या वरची उष्णता ओळखणारं दार उघडतं. डेव्हिड ज्युलियस यांनी ते दार १९९७ मध्ये शोधलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मग मिरची झोंबते आणि थंडीत वारा पण झोंबतो, ते कसं?" मी शब्दाचा विचारच केला नव्हता. उघड्या चेताग्रांना जोरानं डिवचलं की डिवचणारा कोण, हे भाषेनं विचारलं नाही, असं काहीतरी उत्तर दिलं. नीट नव्हतं. परत विचार करायचा.

ज्युलियस यांच्याबरोबर २०२१ चं नोबेल मिळालं ते आर्देम पातापुत्यान यांना. स्पर्शाचं दार त्यांच्या गटानं शोधलं: बारीक काचनळीनं पेशीला ढोसायचं, वीज उमटते का बघायचं, आणि ७२ संशयित जनुकं एकामागून एक बंद करत जायचं. शेवटी एक बंद केल्यावर पेशी ढोसूनही गप्प राहिली. २०१० ची गोष्ट. त्या दारांच्या कुटुंबाला नाव दिलं पिएझो, आणि त्यातलं दुसरं आपल्या कातडीतल्या स्पर्शाचं. वर्गाला एवढंच सांगितलं की त्यांनी पेशीला काचनळी लावली, आपण अण्णांना तंगूस लावतो.

१९ जुलै

आशाताई शाळेत आल्या होत्या, कुष्ठरोगाच्या तपासणीसाठी. फिकट चट्टा आणि त्यावर स्पर्श कळत नाही, ही खूण मुलांना समजावत होत्या. प्रकल्पातल्या मुलांनी आपणहून धागे दाखवले. त्यांच्याकडे प्रशिक्षणात बॉलपेनचं टोक हलकं टेकवायला शिकवतात, तेही बघून घेतलं. इथं वाट उलटी आहे: जंतू चेतातंतूंना जपणाऱ्या, श्वान या शास्त्रज्ञाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पेशींत घर करतो आणि शरीराचे गार भाग पसंत करतो, म्हणून चट्टा कुठंही असू शकतो, मोज्यासारखा चढत नाही. सरकारी दवाखान्यात औषध फुकट आहे आणि वेळेत घेतलं तर बरा होतो. दहा मिनिटांत एवढं मुलांच्या डोक्यात गेलं, मी तासभर बोलून गेलं नसतं.

१० ऑगस्ट

तिसऱ्या महिन्याची तपासणी. धागा क्र. ४, सकाळी काट्यावर ९.८. बांगड्या काढल्या. आठपैकी तीन, मेमध्ये होत्या त्याच जागा. न टेकवता चार वेळा थांबले, एकदाही 'हो' नाही. हाताच्या दहाही बोटांवर केलं, दहाही बरोबर.

मागचा पट्टा असलेल्या सँडल त्यांना आधी आवडल्या नव्हत्या ("बालवाडीतल्या पोरासारखं"), आता घालतात. रात्री झोपण्याआधी सासूबाई आरसा धरून दोन्ही तळवे बघतात. परवा अंगठ्याच्या बेचक्यात शिंपल्याचा तुकडा रुतलेला सापडला. थोडं रक्त, जखम वरवरची. अण्णांना पत्ता नव्हता.

दुपारी दापोलीला डॉक्टरांकडे एसटीनं गेलो. अण्णा सवयीनं सगळ्यात पुढच्या सीटवर. चढण लागली तसा त्यांनी हात पुढे करून तळवा पत्र्यावर सपाट ठेवला आणि डोळे मिटले. वरच्या वळणापर्यंत तसेच बसले होते. मग मला म्हणाले, "ह्याची क्लच प्लेट गेलीय. ड्रायव्हरला सांगू का?"

"सांगा ना."

सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, काल डेपोत लिहून दिलंय काका.

डॉक्टरांनी त्यांचा धागा आणि माझा शेजारी ठेवून स्वतःच्या हातावर दाबून बघितले. माझा थोडा ताठ वाटला त्यांना. परत आल्यावर लगेच काट्यावर ठेवला: १०.४. तपासणीनंतर निघेपर्यंत पिशवीत बरणी स्टोव्हशेजारी राहिली होती, जास्त सुकला असणार. बरणीची जागा बदलली. काट्याचा सेल बदलायचा आहे. पुढची तपासणी १० सप्टेंबर.